भट्टीची मूठ

“मॅडम, तुमचं मशीन एक डाव तपासून पाहा ना,” गजानन इंगळे फोनवर म्हणाला. “मी माह्या डोळ्यानं पाह्यलं होतं. दगड चमकत होता.”

विहिरीवरच्या माणसानं लॅबवाल्यांना मशीन तपासायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मी तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये जिओकेमिस्ट आहे. जमिनीखालून आलेला दगड तपासून त्यात तेल आहे का, कधी काळी होतं का, आणि नसेल तर का नाही, हे सांगणं माझं काम. गजानन आमच्या सोनाळ्याच्या विहिरीवरचा साइट जिओलॉजिस्ट होता. (आमच्या धंद्यात तेलासाठी मारलेल्या खोल बोअरला विहीरच म्हणतात.) घर नांदुऱ्याला, शिक्षण अमरावतीला, नोकरी कंत्राटावर, आणि ही त्याची पहिलीच विहीर. मी देऊळगाव राजाची. जिल्हा एक म्हणून तो माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायचा. ऑफिसातल्या इतर कोणाला त्यानं ‘एक डाव’ म्हटलं नसतं.

त्यानं पाहिलं होतं ते असं. खोदताना दगडाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. तो धुवायचा, वाळवायचा, किती खोलीवरून आला त्याची चिठ्ठी लावून कापडी पिशवीत भरायचा आणि लॅबला पाठवायचा. या चुऱ्याला आम्ही कटिंग्ज म्हणतो. धुतल्या धुतल्या त्यातली चिमूटभर साइट जिओलॉजिस्ट अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या पेटीत धरतो. तेलाचा अंश असेल तर कण चमकतात. याला म्हणायचं ‘शो’. गजाननला वाळूच्या दगडाच्या एका थरात असा पिवळा, सोनेरी शो दिसला होता. त्यानं तो लॉगमध्ये नोंदवला, आणि लॅबनं, म्हणजे मी, कळवलं की पिशव्यांमध्ये तेलाचा मागमूस नाही.

याचा अर्थ सरळ होता. शो खरा असेल तर त्या थराची चाचणी घ्यायची. नसेल तर विहिरीत सिमेंट भरायचं, रिग, म्हणजे खोदायचं यंत्र, उचलायची आणि पुढच्या गावाला जायचं. गजाननला कायम करायचं की नाही, तेही याच विहिरीवर ठरणार होतं. न दिसलेला शो लिहिणारा जिओलॉजिस्ट आमच्याकडे कोणाला नको असतो.

आता थोडं शिकवणं आलं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तेल हा शिजवलेला पदार्थ आहे. जुन्या तळ्यांच्या, समुद्रांच्या तळाशी गाळ साचतो, त्यात झाडपाला, शेवाळ, किडामुंगी गाडली जाते. वर आणखी गाळ बसतो. जितकं खोल जावं तितकं गरम. मंद आचेवर, कोट्यवधी वर्षं, त्या गाडलेल्या जिवांचं तेल होतं. आच कमी पडली तर काहीच होत नाही. जास्त झाली तर तेलाचा गॅस होतो, आणि त्याहून जास्त झाली तर तळाशी लागलेल्या दुधासारखं काळं कार्बन तेवढं उरतं. म्हणून एखादं खोरं हाती घेतलं की आमचा पहिला प्रश्न असतो: हा गाळ किती तापला आणि किती काळ तापला? यालाच आम्ही खोऱ्याची थर्मल हिस्टरी म्हणतो.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला एक फाटा आहे. पूर्णेच्या काळ्या मातीखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे. त्याच्याखाली जुना गाळ असेल, पण त्याच्यावरून लाव्हा वाहिला आणि त्याच्यातूनही घुसला. मग त्या गाळातलं तेल टिकलं की जळून गेलं?

आमचे प्रमुख जोगळेकर सर यांचं मत पक्कं होतं. “वर्षा, लाव्हा म्हणजे तवा,” ते मला म्हणायचे. “तव्याखालीही आग आणि तव्यातही आग. तिथे काय शिल्लक राहणार?” हे खोदकामसुद्धा त्यांच्या मनाविरुद्धच सुरू झालं होतं. त्यामुळे माझे आकडे आले तेव्हा मीटिंग फारच लवकर संपली. तेल नाही, करपून गेलं, सरांनी आधीच सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

पण गजाननचा फोन डोक्यातून जाईना. चिडचिड झाली की मी जुने आकडे काढून बसते, तशी बसले.

आमचं मशीन चिमूटभर दगड तापवतं. आधी बेताच्या आचेवर. तेव्हा दगडात आयतं असलेलं तेल उडून जातं आणि पडद्यावर पहिला उंचवटा येतो. मग आच वाढवतं. तेव्हा दगडात राहिलेल्या कच्च्या मालापासून नवं तेल तयार होतं आणि दुसरा उंचवटा येतो. सोनाळ्याच्या दगडात पहिला उंचवटा नव्हताच. पण दुसरा होता, आणि चांगला होता. आता, गाळ खरंच करपला असेल तर दुसराही नको होता. जळालेल्या भाकरीतून पीठ निघत नाही. शिवाय गाळात सापडणारे लाकडाचे बारीक कण जितके तापतात तितके जास्त चकाकतात, आणि तेही सांगत होते की आच अगदी बेताची होती, तेल व्हावं आणि टिकावं इतकी.

सगळ्यात खटकलं ते हे की पहिला उंचवटा वरपासून खालपर्यंत प्रत्येक पिशवीत सारखाच गायब होता. निसर्ग इतका सारखा भाजत नाही. कुठे कच्चं राहतं, कुठे लागतं.

मी पिशव्या परत मागवल्या आणि चुरा मायक्रोस्कोपखाली घेतला. एका पिशवीत एक तपकिरी, पातळ, वाकलेला पापुद्रा दिसला. आमच्या टेक्निशियननं त्याची नोंद ‘वनस्पतीचा अवशेष’ अशी केली होती. चूक नव्हती त्याची. तो केरळचा. पण मी देऊळगाव राजाची. बालाजीच्या यात्रेत फुटाण्यांच्या पुड्या फस्त करत वाढलेली. ते हरभऱ्याचं टरफल होतं, भाजलेलं. आणि त्या गाळाच्या काळात पृथ्वीवर हरभरा नव्हता. मी पिशवी नाकाशी धरली. खमंग वास आला.

मी गजाननला फोन लावला.

“गजानन, सॅम्पल कुठे वाळवले?”

“ओव्हन बंद पडलं होतं, मॅडम. व्होल्टेजनं उडालं. अन् पावसाचं पाणी त थांबतच नव्हतं.”

“मग कुठे वाळवले?”

“गावात.”

“गावात कुठे?”

“मुनीरभाईच्या भट्टीवर,” तो म्हणाला. “काऊन? काई झालं काय?”

मी कपाळावर हात मारला. मग जोगळेकर सरांकडे गेले.

“सर, विहीर बुजवणं थांबवा. सॅम्पल फुटाण्याच्या भट्टीत भाजलेत.”

ते आधी हसले. माझा चेहरा पाहून थांबले. “रिग शुक्रवारी सुटते आहे. तिचं पुढचं काम ठरलेलं आहे. तोवर मला काहीतरी आणून दे. गोष्ट नको, सॅम्पल आण.”

मी नांदुऱ्याला उतरले. गजानन जीप घेऊन आला होता. उंच, किडकिडीत, दाढी वाढलेली. पूर्णा ओलांडून जळगाव जामोदकडे निघालो. परतीच्या पावसानं कपाशीची बोंडं काळवंडली होती. संग्रामपूर मागे पडल्यावर तो एकदम सुरू झाला.

“मॅडम, आधी मी ओल्या पिशव्या पाठवल्या होत्या. बुरशी आली म्हणून लॅबनं वापस केल्या. मेल आला का पूर्ण कोरडे सॅम्पल पाठवा, नाहीतर घेणार नाही. मंग मी काय करू? त्या बी भट्टीवर नेल्या. मी मुनीरभाईले वाळूसुद्धा टाकू देली नाही. म्हणलं सॅम्पलमधी मिसळन. कोरडी कढई, मंद आच. मी सोता तिथं उभा राह्यलो.”

“पण भट्टी रे? तू एम.एस्सी. आहेस ना?”

“करोडो वर्ष जमिनीत तापला तो दगड,” तो म्हणाला. “म्हणलं, त्याले दोन मिनिटानं काय होईन?”

त्याचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. भूशास्त्र शिकलेला कोणीही तसंच म्हणाला असता. कोट्यवधी वर्षं त्या तेलाच्या डोक्यावर दगडाचं झाकण होतं, म्हणून ते उडालं नाही. कढईत झाकण नव्हतं. एवढाच फरक, आणि तो आमच्या लॅबबाहेर कोणी शिकवत नाही. मेलमध्ये ‘कोरडे’ लिहिलं होतं. कसं कोरडं करायचं ते लिहिलं नव्हतं.

मुनीरभाईची भट्टी सोनाळ्याच्या बाजारात होती. पत्र्याची शेड, मातीची भट्टी, वर काळी कढई. समोर बायका पिशव्या घेऊन उभ्या. पावसानं ओला झालेला मूग, उडीद भट्टीवर शेकून घ्यायची गावची रीतच होती. त्या रांगेत गजानन आपला दगडांचा गठ्ठा घेऊन उभा राहिला असणार. मला ते चित्र दिसलं आणि हसू आलं, आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

“या मॅडम, बसा,” मुनीरभाई म्हणाले. साठीचे, तोंडभर पान. “इंगळे सायबाचे दगड म्या एकदम फस्टकिलास शेकले. एक बी जळू देला नाही. काई शिकायत हाय काय?”

“नाही, तक्रार नाही,” मी म्हणाले. “तुम्ही तुमचं काम चोख केलंत. पैसे दिले ना यांनी?”

“पैसे कायले? म्या मूठ घेतली.”

“मूठ?”

“रिवाज हाय ना. जो माल येते, शेकायच्या आंधी त्यातली एक मूठ भट्टीची. हरभरा असो, जवारी असो. मूठ घेतल्याबिगर कढई चढत नाही, बरकत जाते.”

“दगडाचीही मूठ घेतली?”

“माल त माल हाय. हे हसले मले, पण म्या हरेक पिशवीतून घेतली.”

मी गजाननकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. शेकायच्या आधी. म्हणजे कच्चे. प्रत्येक पिशवीतले.

“ते कुठे आहेत, मुनीरभाई?” मी विचारलं.

“हायेत ना. भट्टीची मूठ कोनी फेकते काय? भट्टीचं तोंड लिपाले कामी येईन म्हणून ठेवले.”

ते आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. पंधरा किलोचा, सोयाबीन तेलाचा, धुतलेला, वर झाकण घट्ट बसवलेलं. आत राखाडी, काळा, तांबूस चुरा. सगळ्या पिशव्यांतला. सगळा एकत्र.

गजाननच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. तो डब्याशेजारी उकिडवा बसला, मूठभर चुरा हातात घेतला आणि बोटांमधून सोडत राहिला. “आता यातला कोनचा कुठला, मॅडम?” तो म्हणाला.

मुनीरभाईंना कळेना काय बिघडलं. “अलग अलग ठेवा लागत होते काय?” त्यांनी विचारलं. “सायबानं सांगतलं असतं त...” मूठ जपून ठेवली आहे हे सायबालाच माहीत नव्हतं. मी त्यांना म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. ते खरंच होतं, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. निघताना त्यांनी बळेबळे फुटाण्यांची पुडी हातात दिली.

आम्ही डबा घेऊन साइटवर गेलो. गजाननच्या केबिनमध्ये पडदे ओढून मी दिव्याच्या पेटीत चुरा पसरला. भिंगातून बघत वाळूच्या दगडाचे कण सुईनं एका बाजूला काढले. तो माझ्यामागे उभा होता. श्वासही आवाज न करता घेत होता.

बहुतेक कण मेलेले होते. मग काही चमकले. पिवळे, सोनेरी. खाद्यतेलाची चमक निळसर, पांढुरकी असते. ही तशी नव्हती. मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही, कारण वळून त्याच्याकडे पाहायची हिंमत होत नव्हती.

“तू बरोबर पाहिलं होतंस, गजानन,” मी म्हणाले.

तो बाहेर जाऊन रिगकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच रात्रीच्या गाडीनं मी परतले आणि डब्यातला चुरा मशीनमध्ये घातला. पहिला उंचवटा आला. हे खोरं करपलेलं नव्हतं. लाव्हाखाली का होईना, तेल झालं होतं आणि टिकलंही होतं. मी आलेखाचा कागद घेऊन जोगळेकर सरांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी तो नीट पाहिला. त्यांचंच मत खोटं पडत होतं, तरी चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. माणूस सरळ आहे, हे मी नेहमी सांगते.

“हे तेल कोणत्या खोलीवरचं?” त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही. सगळ्या पिशव्या मिसळल्यात.”

“शेलमधलं की वाळूच्या दगडातलं?”

शेल म्हणजे मातीचा घट्ट थर. तेल तिथे तयार होतं, पण तिथून सहज निघत नाही. वाळूच्या दगडात असेल तरच उपयोग. “वाळूच्या दगडाचे कण चमकताना मी स्वतः पाहिलेत, सर.”

“एका डब्यात तेलकट शेलच्या चुऱ्याला घासून बसलेले कण. तेही सोयाबीनच्या डब्यात.”

“सोयाबीनची चमक मला ओळखता येते.”

“मला माहीत आहे तुला येते. वरच्या कमिटीला कसं सांगू?”

“गजाननच्या लॉगमध्ये खोली लिहिली आहे ना. तेवढाच थर तपासा. विहिरीच्या भिंतीतून दगड काढणारं टूल मागवा.”

“वर्षा, गजाननचं म्हणणं खरं की खोटं, हाच तर प्रश्न आहे. त्याचा पुरावा म्हणून त्याचंच म्हणणं कसं देणार? आणि टूल समुद्रातल्या रिगवर आहे. ते येईपर्यंत ही रिग थांबत नाही.” मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, “एक पिशवी कच्ची असती, चिठ्ठी लावलेली, तर मी भांडलो असतो.”

ते भांडले असते, यात मला शंका नाही. त्यांनी कमिटीला फोनही केला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण मध्येच ‘फुटाण्याच्या?’ असा आवाज आला आणि मागून हसणं. सरांनी फोन ठेवला. शुक्रवारी विहिरीत सिमेंट उतरलं.

रिपोर्टमध्ये ‘थर्मल हिस्टरी’ या प्रकरणात मी हट्टानं लिहिलं की खोरं करपलेलं नाही. ते ठेवलं गेलं, ‘सॅम्पलची खोली अनिश्चित’ अशा टीपेसह. गजाननच्या शोसमोर एक शब्द आला: ‘अपुष्ट’. खोटा नव्हे, अपुष्ट, म्हणजे दुजोरा न मिळालेला. पण कंत्राटाच्या नूतनीकरणाला बसलेल्या माणसांना या दोन शब्दांतला फरक कोण सांगणार? मी सांगायचा प्रयत्न केला. त्याचं कंत्राट पुढे गेलं नाही.

मला त्याचं फार वाईट वाटतं. विहीर गेली त्याचं तितकं नाही. विहिरी जातात, आमच्या धंद्यात बहुतेक विहिरी कोरड्याच निघतात, आणि ही चाचणी घेऊनही कोरडी निघाली असती कदाचित. पण ते कळलं तरी असतं. आळशी माणसानं ओल्या पिशव्या तशाच कोपऱ्यात टाकल्या असत्या. त्यांना बुरशी आली असती, लॅबनं शिव्या दिल्या असत्या, पण तेल जागेवर राहिलं असतं. गजाननची काळजी त्याच्या मुळावर आली.

तो आता नांदुऱ्यालाच असतो. खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचे पॉइंट शोधून देतो. दिवाळीत फोन करतो. गेल्या खेपेला म्हणाला, “मॅडम, एक गोष्ट बरी झाली. तुमी बी पाह्यलं. नाहीतर मले सोतालेच वाटलं असतं का म्या सपन पाह्यलं.” मग मुनीरभाईंचा सलाम सांगितला. त्यांनी आता दगडाचा माल घेणं बंद केलंय म्हणे.

बैल गेला नि झोपा केला, तशी आमच्या लॅबनं त्यानंतर सॅम्पल हाताळण्याची नियमावली सुधारली. कोरडं म्हणजे किती, कोणत्या तापमानाला, हे सगळं आलं. त्यात मी एक ओळ आग्रहानं घालून घेतली: ‘सॅम्पल कोणत्याही परिस्थितीत धान्य भाजण्याच्या भट्टीवर वाळवू नयेत.’ मी यातून शिकले ते एवढंच, की दगड किती तापला हे विचारण्याआधी तो कोणाकोणाच्या हातून आला हे विचारावं.

दर वर्षी नव्या मुलांना ती नियमावली वाचून दाखवावी लागते. या ओळीवर सगळे हसतात. यंदा एका मुलीनं हसू आवरत विचारलं, “मॅडम, असं खरंच कोणी करेल का?”

“करेल ना,” मी म्हणाले. “ज्याला सॅम्पलची खरी काळजी असेल तो करेल.”

आणि पुढची ओळ वाचायला घेतली.